काही न लागणारं झाड

गेल्या रविवारी सकाळी आण्णांचा फोन आला. आमच्या घरच्या फोनला एक ठरलेला क्रम असतो. आधी पाऊस, मग उजनी किती टक्के, मग भावकीत कुणाचं काय चाललंय, आणि अगदी शेवटी, "बरं ठेवतो" म्हणता म्हणता, खरं काम. या वेळी खरं काम पहिल्याच वाक्यात आलं.

"माळावरच्या दोन एकरात ड्रॅगन लावायचा म्हणतोय. तुझ्याकडनं पाच लाख हुतील का?"

ड्रॅगन म्हणजे ड्रॅगन फ्रूट. आमच्या इंदापूर-बारामतीकडे आता 'फ्रूट' म्हणायची तसदी कुणी घेत नाही. मी सवयीप्रमाणे मीटिंगमधले प्रश्न विचारले. पाण्याचं काय? मजुरांचं काय? भाव पडला तर? आण्णांनी सगळे प्रश्न एका दमात निकालात काढले.

"आरं, पाणी लागत न्हाई त्याला. औषध लागत न्हाई. जनावर तोंड लावत न्हाई. माणूस लागत न्हाई. त्याला काहीच लागत न्हाई बघ."

पैसे द्यायला माझी ना नाही (घराचा हप्ता सांभाळून जेवढे जमतील तेवढे). पण ते शेवटचं वाक्य आठवडाभर डोक्यात फिरत राहिलं. स्टँडअप मीटिंगमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, सगळीकडे. कारण "त्याला काहीच लागत नाही" हे वाक्य मी याआधी दुसऱ्या झाडांबद्दल ऐकलेलं आहे, आणि त्या झाडांचं पुढे काय झालं तेही थोडंफार वाचलेलं-बघितलेलं आहे. म्हणून हा वीकएंड त्याच्यावर.

सुरुवात आजीपासून करतो. आजीच्या लहानपणी आमच्या गावाला म्हणे फडाचा वेढा होता. फड म्हणजे फड्या निवडुंग, तळहाताएवढी हिरवी जाड पानं एकावर एक चिकटवल्यासारखी. (ती पानं नसतात, खोडच असतं. पण हे आजीला सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.) गावाबाहेर पडायचं तर ठरलेल्या दोन वाटांनी. बाकी सगळीकडे फड. शेळी आत घुसली तर बाहेर काढता येत नसे. मी शाळेत जायला लागेपर्यंत त्यातला फक्त ओढ्याकाठचा एक तुकडा उरला होता. त्याची लालभडक बोंडं आम्ही काठीने पाडायचो, मातीत घोळून त्यांची कूस काढायचो आणि खायचो. तरी थोडी कूस ओठाला लागायचीच, मग दिवसभर तोंड वाकडं करून फिरायचं. जीभ मात्र अशी लाल व्हायची की घरी खोटं बोलायची सोयच नाही.

त्या फडावर कापूस चिकटल्यासारखे पांढरे ठिपके असायचे. ते बोटाने चिरडले की रक्तासारखा रंग निघायचा. आम्ही तो हाताला लावून "मला लागलं, मला लागलं" म्हणून आरडाओरडा करायचो. ते ठिपके म्हणजे एक किडा आहे, आणि आजीच्या लहानपणचा वेढा उठवण्यात मोठा हात त्याच किड्याचा होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

गोष्ट मोठी मजेदार आहे. फड्या निवडुंग आपला नाहीच. तो अमेरिका खंडातला. आपल्याकडे त्याच्या दोन-तीन जाती आल्या, त्यातली एक तर मुळात कॅरिबियन बेटांच्या आणि मेक्सिकोच्या समुद्रकाठची, वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात वाढणारी. आपल्याकडचे तिधारी निवडुंग किंवा कुंपणाचा शेर वेगळे, त्यांना मोडलं की पांढरा चीक येतो. फडाला चीक नाही, पाणी आहे. तर हा परदेशी पाहुणा आपल्याकडे फोफावला त्यात ईस्ट इंडिया कंपनीचाही हात आहे. मेक्सिकोत याच जातकुळीच्या निवडुंगांवर कोचिनील नावाचा किडा पाळून त्यापासून किरमिजी रंग करत, आणि तो धंदा स्पेनच्या मुठीत होता. कंपनीला तो रंग स्वतःचा हवा होता. मद्रासमध्ये डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बाग तयार केली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन ब्राझीलहून किडे घेऊनही आला. पण तो किडा भलताच निघाला! चांगला रंग देणारा पाळीव किडा नव्हे, त्याचा रानटी भाऊबंद. रंग सुमार. प्रोजेक्ट फेल.

पण या फेल प्रोजेक्टचा एक साइड इफेक्ट झाला. त्या किड्याने निवडुंगाची एक जात खाऊन फस्त केली. लोकांच्या ते लक्षात आलं आणि १८३६ ते १८३८ च्या दरम्यान दक्षिण भारतात तो मुद्दाम निवडुंगावर सोडण्यात आला. किड्याकडून तण मारून घेण्याचं जगातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. आता मेख अशी की किडा खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. त्याने एक जात संपवली आणि दुसऱ्या, जास्त काटेरी जातींना हातही लावला नाही. त्या दुसऱ्या जातींनी मग मोकळं रान व्यापलं. त्यांच्यासाठी वेगळा किडा लागला, तो १९२६ मध्ये श्रीलंकेहून आला, आणि पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतली निवडुंगाची रानंच्या रानं बसली. आमच्या ओढ्याकाठचे पांढरे ठिपके ही त्याचीच पिलावळ.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात काय चाललं होतं ते वाचलं की आपला वेढा किरकोळ वाटायला लागतो. तिथे निवडुंगाने सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन व्यापली होती. म्हणजे साधारण महाराष्ट्राच्या पाऊण क्षेत्राएवढी! १९२५ मध्ये अर्जेंटिनातून एक पतंग आणला, त्याच्या अळ्यांनी निवडुंग आतून पोखरून काढला. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा नावाच्या गावात लोकांनी १९३६ मध्ये त्या पतंगाच्या नावाने चक्क स्मारक सभागृह बांधलं. अळीचं स्मारक! आपल्याकडे यावर तीन कमिट्या आणि नामकरणाचा वाद झाला असता.

पण ही गोष्ट तिथे संपत नाही, आणि मला आवडतो तो भाग पुढचाच. त्याच पतंगाला १९५७ मध्ये कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सोडलं. तिथून तो बेटाबेटांवरून पसरला आणि १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडला. तिथले निवडुंग म्हणजे तिथलेच, मूळ रहिवासी. आता तोच पतंग तिथे खलनायक आहे. आणि आपल्या ओढ्याकाठचा तो पांढरा किडा २०१४ मध्ये मोरोक्कोत दिसला आणि लोकांनी फळांसाठी, चाऱ्यासाठी जपलेले निवडुंगाचे मळे त्याने झोपवले. आपल्याकडे बिनकाट्याचा निवडुंग चारा म्हणून लावायची चर्चा अधूनमधून सुरू असते, केंद्राच्या भूसंसाधन विभागाने २०२२ मध्ये त्याचा बराच पाठपुरावा केला. तेव्हा माझ्या मनात पहिलं चित्र आलं ते ओढ्याकाठच्या पांढऱ्या ठिपक्यांचं. तोच कोड, एका सिस्टिममध्ये फीचर, दुसरीत बग.

असो. मुद्दा निवडुंगाचा किंवा किड्याचा नाही. मुद्दा असा की निवडुंग लोकांनी का लावला? कुंपणासाठी म्हणून, आणि त्याला काहीच लागत नव्हतं म्हणून. पाणी नको, राखण नको, तोडून फेकलेला तुकडा पडेल तिथे रुजतो. दुष्काळात काटे जाळून तो जनावरांना घालत, तेवढा उपकार त्याचा मानलाच पाहिजे. पण ज्या गुणासाठी त्याला आणलं, तोच गुण पुढे आवरेना.

हे माझ्या डोक्यात खऱ्या अर्थाने शिरलं ते गावात नाही, कॅलिफोर्नियात. काही वर्षांपूर्वी ऑनसाइटला होतो. बे एरियात एकटा राहणारा देशी माणूस वीकएंडला तीनच गोष्टी करतो: कपडे धुणे, कॉस्टको, आणि समुद्रकिनारा. मॉन्टेरेच्या बाजूला किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्यांवर एक जाड, रसरशीत पानांची वेल गालिच्यासारखी पसरलेली दिसायची. बोटाएवढी तिधारी पानं, कडेने लालसर, वर पिवळी-गुलाबी फुलं. मी मनापासून फोटो काढले, घरी पाठवले. आईने विचारलं, "ह्याची भाजी करत्यात का रं?" मला वाटलं काय सुंदर निसर्ग आहे यांचा.

मग एका शनिवारी टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने असिलोमारच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून नेलं. काम काय? तर तीच वेल उपटायची. दिवसभर. तिचं नाव आइस प्लँट, कार्पोब्रोटस एड्युलिस, आणि ती दक्षिण आफ्रिकेच्या केपची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या कडेची माती धरून ठेवायला ती कॅलिफोर्नियात आणली. पुढे हायवेवाल्यांनी रस्त्याच्या उतारांवर १९७० च्या दशकापर्यंत हजारो एकरांत लावली. का? बरोबर ओळखलंत. तिला काहीच लागत नव्हतं. ना पाणी, ना कापणी. तिच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. तिथून ती वाळूच्या टेकड्यांवर गेली आणि तिने तिथल्या छोट्या छोट्या रानफुलांना खाली दाबून टाकलं. त्या टेकड्यांची गंमत अशी की तिथल्या मूळ वनस्पतींना थोडी हलती वाळूच हवी असते. आइस प्लँट वाळू घट्ट धरून ठेवते. म्हणजे तिला जे काम दिलं होतं ते ती अगदी चोख करत होती. स्पेसिफिकेशनप्रमाणे!

उपटायला ती सोपी असते, मुळं वरवर असतात. पण एक पेर जरी वाळूत राहिलं तरी पुन्हा सुरुवात. संध्याकाळी आमच्या सात-आठ जणांच्या टोळीने एक खोली भरेल एवढा ढीग केला होता आणि मागे वळून बघितलं तर टेकडी होती तशीच हिरवी. सहकारी म्हणाला, इथे काही लोक वर्षानुवर्षं दर वीकएंडला येतात. लावणाऱ्यांनी एकदा पगार घेतला आणि घरी गेले. काढणारे अजून येतायत, फुकट.

आपल्या कोकणात वाळू धरायला मर्यादवेल आहे. नावातच सगळं आलं. जांभळ्या फुलांची, आपली आपण किनाऱ्याच्या हद्दीत राहणारी. आपण तिच्या डोक्यावर सुरूची बनं लावली, पण तो वेगळा विषय, कधीतरी लिहीन.

आता इथे कुणीतरी म्हणणार, "म्हणजे परदेशी झाडं वाईट, असंच ना?" नाही हो. तसं म्हणायचं तर आधी स्वयंपाकघरातून मिरची बाहेर काढावी लागेल. बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ सगळेच समुद्रापलीकडचे. मिरचीशिवाय पिठलं मला तरी झेपणार नाही. परदेशी असणं हा गुन्हा नाही. मिरचीत आणि निवडुंगात फरक असा की मिरचीला तुम्ही लागता. एक हंगाम तिच्याकडे बघितलं नाही तर ती निमूट मरते. निवडुंगाला तुम्ही लागत नाही.

ड्रॅगन यातला कोणता?

खरं सांगायचं तर दोन्हीच्या मधला. मुळात तो निवडुंगच, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला वेलवर्गीय निवडुंग. आपल्या गुजरातने २०२१ मध्ये त्याला 'कमलम' नाव दिलं, पण बारामतीच्या बाजारात अजून ते कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. त्याची पाणी वाचवायची युक्ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. बाकी झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यातून पाणी उडून जातं. हा दिवसा दारं बंद ठेवतो, रात्री गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतो. थोडक्यात, रात्रीचा बॅच जॉब! फूलसुद्धा रात्रीच फुलतं आणि सकाळी मान टाकतं.

आणि आमच्या भागात त्याची गरज आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बारामती-इंदापूर म्हटलं की पुण्यातल्या लोकांना फक्त ऊस आणि राजकारण दिसतं. प्रत्यक्षात आमच्याकडे दोन देश आहेत. एक कॅनॉलच्या खालचा, एक कॅनॉलच्या वरचा. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकातला, त्याच्या पाण्यावर खालच्यांचा ऊस पिढ्यान्पिढ्या उभा आहे. वरच्यांकडे मुरूम, खडक आणि वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरीवर. आमचा माळ वरचा. त्यावर आण्णांनी डाळिंब लावून बघितलं, ते तेल्या रोगाने गेलं. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे (अजैविक ताण म्हणजे दुष्काळ, ऊन, खारी जमीन वगैरे, रोग-कीड सोडून पिकाला जे जे छळतं ते). ती संस्था वसलीच आहे खडकाळ जमिनीवर, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी असल्या जमिनीत ड्रॅगन कसा घ्यायचा यावर बरंच काम केलेलं आहे. आण्णा तिथे दोनदा जाऊन आले. तेव्हा हे काही व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघून आलेलं खूळ नाही. उसाच्या तुलनेत याला पाणी खूपच कमी लागतं, आणि कुणी मला विचारलं की माळावर ऊस की ड्रॅगन, तर मी डोळे झाकून ड्रॅगन म्हणेन.

पण 'कमी लागतं' आणि 'काहीच लागत नाही' यात पाच लाखांचा फरक आहे.

दहा बाय दहा फुटांवर सिमेंटचे पोल धरले तर एकरी सव्वाचारशेच्या वर पोल होतात. प्रत्येकाच्या डोक्यावर रिंग आणि बुडाशी चार रोपं. ठिबक लागतंच. एप्रिल-मेच्या उन्हात खोडं पिवळी पडतात, करपतात, मग सावलीची जाळी किंवा दुसरी काही सोय. पावसाळ्यात पाणी साचलं तर खोड सडतं. वेल वाढली की छाटणी. फळ धरायला दुसरं वर्ष उजाडतं, पूर्ण उत्पन्नाला आणखी एक-दोन. आणि हे सगळं होईपर्यंत भाव आज आहे तो राहील असं कुणी लिहून देत नाही. आमच्याकडच्या रस्त्याकडेच्या बागा मोजायच्या मी आता सोडून दिल्यात.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. "त्याला काहीच लागत नाही" हे वाक्य खोटं असेल तर आण्णांचे (आणि माझे) पैसे जाणार. आणि खरं असेल तर माळ जाणार. दोन्हीकडून ते वाक्य वाईटच.

माळ जाणार म्हणजे काय, हे पुण्यात समजावून सांगणं अवघड आहे. सातबाऱ्यावर आणि सरकारी भाषेत आमच्या माळाला 'पडीक' म्हणतात. पडीक म्हणजे जिथे काही नाही, जिथे काहीही लावलं तर सुधारणाच होईल. मीही लहानपणी असंच समजायचो. पण पावसाळ्यानंतर त्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल गुडघ्याएवढं वाढतं. दिवाळीच्या आगेमागे मेंढरं येतात, धनगरांचे वाडे पडतात. पहाटे चिंकारा दिसतो. खोकड दिसतं, नशीब असेल तर लांडगा. बारामती तालुक्यातलं सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं ते या चिंकाऱ्यांसाठीच, आणि ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. बाकीचे चिंकारे तुमच्या-आमच्या पडीक माळावर राहतात. आता २०२४ पासून वनखात्याने बारामतीत शिर्सुफळ आणि इंदापुरात कडबनवाडीला गवताळ सफारी सुरू केली. लोक पैसे देऊन जीपमधून तेच बघायला येतात जे आम्हाला गुरं राखताना फुकट दिसायचं. म्हणजे एकाच तालुक्यात एका बाजूला तो माळ तिकीट लावण्याएवढा मौल्यवान आहे आणि दुसऱ्या बाजूला पडीक.

याच पडीकपणाच्या नावाखाली गवताळ माळांवर आधी वेडी बाभूळ आली. तिलाही काही लागत नव्हतं. आज उजनीच्या काठाने तिच्यातून माणूस जाऊ शकत नाही. मग ग्लिरिसिडिया आला. हेतू सगळ्यांचे चांगलेच होते. हिरवं दिसलं की आपल्याला बरं वाटतं, गवत वाळलं की आपल्याला ते मेलेलं वाटतं.

ड्रॅगन असा सुटेल का? उघड्या माळावर लगेच सुटेल असं मला वाटत नाही, खरंच नाही. त्याला चढायला आधार लागतो आणि आमच्या मे महिन्याचं ऊन त्याला सोसत नाही. पण फ्लोरिडात आणि हवाईत तो मळ्यातून बाहेर पडून झाडांवर चढलेला आहे. आपल्याकडे विहिरीच्या कडेची लिंबं, ओढ्याकाठची करंजं, बांधावरच्या बाभळी काय कमी आहेत? शिवाय डाळिंबाची बाग मोडली, झाडं उपटून बांधावर टाकली, ती वाळली, चुलीत गेली. ड्रॅगनची बाग मोडली आणि वेली बांधावर टाकल्या तर त्या तिथेच रुजतात. वेलीचा वीतभर तुकडा म्हणजे रोपच की, रोपवाटिकावाले तेच विकतात.

माझी खरी तक्रार इथे आहे. आमच्या धंद्यात एक सॉफ्टवेअर लाइव्ह करायचं असेल तर केक कापतात, मेल फिरतात, व्हाइस प्रेसिडेंट येतो. तेच सॉफ्टवेअर दहा वर्षांनी बंद करायचं असेल तर त्याला बजेट नसतं, टीम नसते, आणि कुठला तरी सर्व्हर कोपऱ्यात चालूच राहतो कारण तो बंद केला तर काय मोडेल हे कुणालाच ठाऊक नाही. फळबागांच्या योजनासुद्धा याच साच्यातल्या. महाराष्ट्रात ड्रॅगनसाठी २०२१-२२ पासून अनुदान मिळायला लागलं, सुरुवातीला हेक्टरी १ लाख ६० हजार. लावणीला पहिला हप्ता, पुढचे हप्ते झाडं जगली असतील तर. मोडणीला काही नाही. पोल काढायला नाही, वेली नष्ट करायला नाही. बाग साधारण वीस वर्षांची धरतात. वीस वर्षांनी आण्णा पंच्याऐंशीच्या पुढे असतील, मी कुठल्या शहरात असेन देव जाणे, आणि माळावर आठशे-साडेआठशे सिमेंटचे पोल आणि त्यावर लोंबणारा निवडुंग. तो काढायला कोण येणार? माझं मत विचाराल तर प्रत्येक अशा अनुदानातला एक छोटा हिस्सा बाग मोडायच्या दिवसासाठी अडकवून ठेवला पाहिजे, घराच्या डिपॉझिटसारखा. जागा स्वच्छ करून द्या, पैसे घेऊन जा. शेतकऱ्याच्या विरोधातली ही कल्पना नाही. मोडायचा खर्च शेवटी त्याच्याच किंवा त्याच्या शेजाऱ्याच्या बोडक्यावर बसतो, हे आत्ताच कागदावर आलेलं बरं.

हे सगळं मी काल रात्री आण्णांना फोनवर सांगितलं. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, अळीचं स्मारक, सगळं. ते शांतपणे ऐकत होते, म्हणजे मागे टीव्ही चालू होता. मग मी माझ्या अटी सांगितल्या. पैसे देतो, पण एक, बाग माळावर नाही, गेलेल्या डाळिंबाच्या जागेवर. तिथे आधीच ठिबक आहे, खड्डे आहेत, आणि माळ मेंढरांना मोकळा राहील. दोन, छाटणीचा एक तुकडाही बांधावर किंवा ओढ्यात जाणार नाही.

पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

"डाळिंबाचं रान दीडच एकर भरतंय," आण्णा म्हणाले.

"मग दीड एकर करा."

"पोल दोन एकराचं सांगून बसलोय मी. इसार दिलाय."

हे मला नव्याने कळत होतं. म्हणजे फोन परवानगीसाठी नव्हताच, फंडिंगसाठी होता :)

"उरलेल्या पोलांचं बघू आण्णा. माळावर नको पण."

"माळावर हाय काय आसं?" ते म्हणाले, आणि मग त्यांचे तेच थोडं थांबले. "तुझी आजी त्या फडाला लई शिव्या द्यायची. लगीन होऊन आली तवा पायात काटा मोडल्याला तिच्या, ओढ्याच्या वाटंला. म्हातारी झाली तरी दाखवायची, हितं मोडलाय म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. आजीने मला फक्त बोंडांच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"बरं," आण्णा म्हणाले, "आन् छाटलेलं टाकायचं कुठं मग? जाळून जळत न्हाई ते. पाणीच हाय निसतं."

त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. खड्डा काढून गाडायचं तर किती खोल? चुन्याबरोबर? काळ्या प्लॅस्टिकखाली उन्हात उकडून? असिलोमारला आम्ही ढीग करून कुजायला ठेवायचो, पण तिथल्या धुक्यात आणि आमच्या उन्हात फरक आहे. माळेगावच्या संस्थेत विचारून येतो म्हणालो. आण्णा म्हणाले, आपण दोघं जाऊ. शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने निघतोय. उरलेल्या अर्ध्या एकराच्या पोलांना गिऱ्हाईक मिळतंय का तेही बघायचंय, कुणाला हवे असतील तर सांगा.